ज्याचा रांजण त्याचं खोटं

आबा, माझे वडील, रांजणाशी उकिडवे बसून पाण्याचा वास घेत होते. मागे दिगंबरशेठ नाकाला उपरण्याचं टोक लावून उभे होते. मी दोघांच्या मधे, हातात काचेची नळी घेऊन. आबांनी रांजणात काठी बुडवून वर काढली, तिच्यावरचं पाणी बोटाला घेतलं आणि बोट धोतराला पुसलं. डाग निळा पडायला हवा होता. राखाडी पडला.

"नासली," आबा म्हणाले.

"एकाच रांजणातली का?" शेठनी विचारलं.

"सगळ्यांतली. ह्या पत्र्याखाली आणल्यापासून रांजण रुसल्यावानीच हायेत."

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निळीचा रांजण पाहिला नसेल, म्हणून थोडं सांगतो. निळीची वडी पाण्यात विरघळत नाही. ती जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात चुना, गूळ आणि तरोट्याचं शिजवलेलं बी यांच्याबरोबर घालून आंबवावी लागते. नीट आंबली की पाणी हिरवट पिवळं होतं आणि वर तांबूस चमकीचा निळा फेस धरतो. त्यात कापड बुडवलं की ते हिरवं निघतं आणि हवेत धरल्यावर पाहता पाहता निळं होतं. मी लहानपणापासून हे पाहत आलो, तरी अजून बघत उभा राहतो. थंडी पडली किंवा चुना जास्त झाला की आंबणं थांबतं. फेस जातो, वास बदलतो, कापड मळक्या रंगाचं निघतं. याला आम्ही नीळ नासली म्हणतो.

आम्ही म्हणजे निराळी. निळीनं कापड रंगवणं हा आमचा पिढीजात धंदा. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. हैदराबादला इंटरमिजिएटला आहे. केमिस्ट्रीला आमच्या पुस्तकांत कीमिया म्हणतात. ती मी उर्दूतून शिकतो आणि घरी आल्यावर आबांना मराठीतून सांगायला गेलो की अडखळतो. सुट्टीत मी कंपनीत काम करतो. कंपनीच्या कागदावर माझा हुद्दा केमिस्ट असा आहे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण केमिस्ट म्हणून मी जे काही केलं त्याची कोणी दखल घेतली नाही, आणि जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात माझं शिक्षण कुठं कामाला आलं असं म्हणता येत नाही.

कंपनीबद्दल आधी सांगायला हवं.

परभणीत रंगाची दोन घरं होती. एक दिगंबरशेठांचं, रंगाऱ्यांचं. त्यांच्याकडे सागवानी ठशांच्या फडताळंच्या फडताळं. तांबड्या रंगात जाजमं, रजयांची पानं, पासोड्या छापायचे. दुसरं आमचं. आम्ही फक्त बुडवायचो. लुगडी, बंड्यांचं जाडं कापड, जे येईल ते निळं करून द्यायचो. एखाद्या कापडावर तांबडं आणि निळं दोन्ही हवं असलं की ते आधी त्यांच्याकडे जाई, मग आमच्याकडे येई. कापड बिघडलं की ते म्हणत निराळ्यानं बिघडवलं, आम्ही म्हणत असू छापतानाच बिघडलं होतं. माझ्या आजोबांच्या वेळी यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, पण कापड येत-जात होतं. गिऱ्हाईक गठ्ठा पाठीवर घेऊन दोन्हीकडचे निरोप पोचवायचा.

मग युद्ध सुरू झालं. शेठांचा तांबडा रंग जर्मनीहून डब्यांतून यायचा. तो बंद झाला. शेठ पुन्हा तांबड्या रंगासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटायला लागले. मिलचं छापील कापडही मिळेना, त्यामुळे हातानं छापलेल्याला अचानक मागणी आली. हैदराबादचा एक व्यापारी म्हणाला, तांबडं-निळं कापड एकाच दारातून मिळणार असेल तर मी जेवढं द्याल तेवढं उचलतो. वकिलानं कागद केला. दोन घरांची एक कंपनी झाली. तिचं नाव मोठं इंग्रजी आहे. गावात कोणी ते घेत नाही, सगळे जोडकंपनी म्हणतात. दारावर तीन लिप्यांत पाटी लागली. दिगंबरशेठ मॅनेजर झाले. आबा वर्क्स मास्टर झाले. ते स्वतः वरकस मास्तर म्हणतात. रंगाऱ्यांच्या आवारात विहीर होती म्हणून तिथंच पत्र्याचं शेड उभारलं आणि आमच्या घराच्या अंधाऱ्या, ऊबदार मागच्या खोलीतले रांजण उकरून शेडात आणून पुरले.

आता ती दुसरी गोष्ट सांगायची, जिची मला आधीपासूनच लाज वाटत आली आहे.

नीळ नासली की निराळी माणूस एक खोटी बातमी सोडतो. ही आमची पिढीजात चाल आहे. अशक्य, अचाट अशी काहीतरी थाप मारायची आणि ती गावात फिरू द्यायची. ती जितकी लांब जाईल तितकी नीळ लवकर सुधारते, असं आमच्यात मानतात. फेस परत येईपर्यंत घरातल्या कोणी ती थाप खोटी आहे असं म्हणायचं नाही. आबांच्या थापा प्रसिद्ध होत्या. पिंगळीच्या स्टेशनात इंजिनाला वासरू झालंय आणि स्टेशनमास्तर चारा शोधत फिरतोय, ही त्यांची. गंगाखेडला गोदेतून उंट वाहत आलाय आणि घाटावर बसून चिलीम ओढतोय, हीही त्यांचीच. लोक ऐकायचे, हसायचे आणि विचारायचे, काय सोपानबा, नीळ नासली जणू? आबाही हसायचे. अख्ख्या परभणीला माहीत होतं, की निराळ्यानं काही अचाट सांगितलं तर त्याचा रांजण बिघडला आहे.

आबांना यात गंमत वाटायची. मला नाही. हैदराबादच्या बोर्डिंगात परभणीचा एक मुलगा होता, त्यानं ही गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवली. मी काही बोललो की कोणीतरी म्हणे, याची नीळ नासली. मला बोलण्याआधी 'बहुतेक' म्हणायची सवय लागली ती तिथंच. खरी गोष्टही मी बहुतेक लावून सांगायला लागलो.

तर त्या नाताळच्या सुट्टीत थंडी कडाक्याची होती आणि सगळे रांजण एकदम नासले. हैदराबादच्या मालाची तारीख जवळ आली होती. तांबडं छापून तयार होतं. निळ्यावाचून गठ्ठे अडले होते. मी शेठना सांगितलं की हे थंडीमुळे झालं असावं, शेड सगळीकडून उघडं आहे, बहुतेक ऊब दिली तर सुधारेल. शेठ म्हणाले, दे. आबा म्हणाले, ऊब द्यायला हरकत न्हाई, पर आधी बातमी सोडावी लागल.

शेठ हसले. "सोडा की मग. इंजिनाला दुसरं वासरू होऊ द्या."

आबांनी मान हलवली. "मला सोडता येत न्हाई. ज्याचा रांजण त्याचं खोटं. रांजण आता माझे न्हाईत. कंपनीचे हायेत. म्यानेजर तुमी हाव."

शेठ माझ्याकडे पाहायला लागले. मी मान खाली घातली. मला वाटलं ते चिडतील. पण ते चिडले नाहीत. दिगंबरशेठ सरळ माणूस. धंद्यात कोणाच्या चालीला हात लावायचा नाही, असं त्यांनी करार करतानाच ठरवलं होतं. आणि गठ्ठे अडले होते. म्हणाले, ठीक आहे, एक खोटं बोलल्यानं काय बिघडतंय.

संध्याकाळी दुकानात दोन व्यापारी बसले असताना शेठनी बातमी सोडली. मी तिथंच सॅम्पलच्या घड्या करत होतो. शेठनी घसा खाकरला आणि सांगितलं की आमच्या आवारातल्या विहिरीला नवा झरा फुटलाय. त्याचं पाणी डोळ्यांना लावलं आणि ठसे मारणाऱ्या आमच्या एका म्हाताऱ्या छाप्याची गेलेली नजर परत आली.

मी घडी घालता घालता थांबलो. ही थाप नव्हतीच. थाप म्हणजे उंटाची चिलीम. खरं बोलायची सवय असलेल्या माणसाला खोटं नीट बोलता येत नाही. त्याचं खोटंही खऱ्यासारखंच निघतं. शेठना इंजिनाचं वासरू सुचलंच नसतं, आणि सुचलं असतं तरी त्यांना ते म्हणायला लाज वाटली असती. त्यांनी शोभेल असं सांगितलं. व्यापाऱ्यांपैकी एकही हसला नाही. एकानं विचारलं, कोणता छाप्या? दुसरा म्हणाला, माझ्या आईला मोतीबिंदू आहे, तिला आणलं तर चालेल का?

शेठ म्हणाले, "आणा की." दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर मी शेडाला तट्ट्यांचे आडोसे केले, रांजणांभोवती गोवऱ्यांची धग ठेवली आणि गव्हाचा कोंडा घातला. आबांनी मला अडवलं नाही. काही दिवसांनी फेस धरला. कापड हिरवं निघालं आणि हवेत निळं झालं. आबा म्हणाले, शेठच्या तोंडाला लय जोर हाय. मला वाटलं, आता बातमी संपेल. एरवी ती हसण्यावारी विरून जायची.

पण या वेळी कोणी हसलंच नव्हतं. निराळ्याच्या तोंडची गोष्ट ऐकून लोक हसायचे. ही गोष्ट कंपनीच्या मॅनेजरनं, रंगाऱ्यांच्या दिगंबरशेठनं सांगितलेली होती. आधी शहरातले आले, मग खेड्यांतले. बाजाराच्या दिवशी विहिरीवर इतकी गर्दी झाली की आमच्या धुणाऱ्यांना पोहऱ्याला हात लावता येईना. आलेली माणसं जाताना डोळे पुसायला म्हणून निळ्या कापडाच्या पट्ट्या मागायला लागली. कारकुनानं कापडाचे तुकडे फाडून ठेवले आणि ते खपायला लागले. शेठ आधी ओशाळे झाले होते. नंतर म्हणाले, लोकांची श्रद्धा आहे, आपण कशाला मोडायची.

मी विहिरीचं पाणी काढून तपासलं. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. रांजणांतलं चुन्याचं पाणी ओतायची मोरी विहिरीला लागूनच होती. शेड नवीन म्हणून ती कोणी बांधून काढलेली नव्हती. पाणी जिभेला लावलं तर तुरट लागलं. डोळ्याला लावलं तर झोंबलं. मी आबांना दाखवलं. त्यांनीही एक थेंब डोळ्यात घातला आणि कितीतरी वेळ डोळा मिटून बसले.

गयाबाई त्याच सुमारास आली. झरीची शेतकरीण. तिची मुलगी मथी सहा-सात वर्षांची असेल. मथीचे डोळे सुजून लाल झाले होते आणि उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. गयाबाई तिला सरकारी दवाखान्यात न्यायलाच परभणीला आली होती. वाटेत कोणीतरी विहिरीचं सांगितलं, आणि ती दवाखान्यात न जाता आमच्या आवारात आली. सोबत फडक्यात बांधलेली दशम्यांची धडपी होती. शेडामागे लिंबाखाली तिनं बस्तान मांडलं. दिवसातून कितीदा तरी ती मुलीला विहिरीवर आणायची, मांडीत डोकं दाबून धरायची आणि ओंजळीनं पाणी डोळ्यांत सोडायची. मथी आधी ओरडायची. मग ओरडायची थांबली. पाणी पडलं की नुसती अंग आखडून घ्यायची.

मी गयाबाईला म्हणालो, की मावशी, या पाण्यात चुना आहे, डोळे जातील, दवाखान्यात चला. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या अंगात कॉलेजचा कोट होता.

"चुना हाय म्हनूनच झोंबतंय," ती म्हणाली. "झोंबल्याबिगर गुन येतो का लेकरा?"

मी आबांकडे गेलो. आबा म्हणाले, फेस आलाय, आता सांगायला हरकत न्हाई. मी सांगतो. त्यांनी डोक्याला पटका बांधला, वरकस मास्तर म्हणून मिळालेला कोट घातला आणि विहिरीवर गेले. बाजारचा दिवस होता. आबा रहाटाच्या दगडावर उभे राहिले.

"बायांनो, बाप्यांनो, ऐका. ह्या पान्यात काई न्हाई. झरा बिरा फुटला न्हाई. कुना छाप्याची नजर आली न्हाई. आमची नीळ नासली हुती, म्हनून सोडलेली बातमी हाय ती. लेकरांचे डोळे घालवू नका. घरी जा."

मग परभणीचीच एक म्हातारी, आबांची चांगली ओळखीची, तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"सोपानबा, पुन्हा नासली जणू तुमची नीळ?"

सगळं विहिरीवरचं माणूस हसलं. खेड्यातल्यांनी विचारलं काय झालं, तर शहरातल्यांनी समजावून सांगितलं: हे निराळीबाबा आहेत, यांचा रांजण बिघडला की असंच काहीतरी सोडतात, मागं इंजिनाला वासरू झालं होतं. मग तेही हसले. गयाबाईही हसली. थकलेल्या माणसाला हसू यावं तशी. आणि तिनं ओंजळ भरून घेतली.

आबा दगडावरून उतरले. आयुष्यभर लोक त्यांच्यावर हसले आणि ते लोकांबरोबर हसले. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा पाहिला आणि पुन्हा पाहू शकलो नाही. शेडात येऊन ते एवढंच म्हणाले, "आपल्या तोंडातून खरं निघायची वाटच राह्यली न्हाई रे रघू."

मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला राग आला. त्यांचा, चालीचा, आमच्या जातीच्या धंद्याचा. आणि राग आल्याची लाज वाटली. या सगळ्यात मथीचं डोकं मात्र अजून आईच्या मांडीत दाबलेलं होतं.

मी ऑफिसात शेठकडे गेलो. शेठ बिलं पाहत होते. मी बहुतेक न लावता बोललो. "शेठ, आबांनी सांगितलं तर लोक हसले. तुमच्यावर हसणार नाहीत. तुम्ही विहिरीवर येऊन एकदा सांगा की ती गोष्ट खोटी होती."

शेठनी चष्मा काढला. रागावले नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

"रघुनाथ, आपण काय विकतो?"

"कापड."

"कापड सगळेच विकतात. हा रंग पक्का आहे, असं मी म्हणतो आणि गिऱ्हाईक कोपरा भिजवून न बघता घेऊन जातं. माझ्या बापानं तेवढंच कमावलं. उद्या मी रहाटावर उभा राहून म्हणालो, मी खोटं बोललो होतो, तर पुढच्या गठ्ठ्याला कोण विश्वास ठेवील? मग मीही निराळीच झालो की."

ते बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कोणाशी बोलतोय. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तसं नाही रे. मी हात सोडवून घेतला नाही. तसंच होतं. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"त्या मुलीचा डोळा चाललाय," मी म्हणालो.

शेठनी बिलं बाजूला सारली. त्यांनाही मुली आहेत. मग उठले, उपरणं खांद्यावर टाकलं, म्हणाले, "गाडी जुंप."

मला वाटलं, ते सांगणार. मी बैल जुंपले. खोटं सांगत नाही, मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटत होता.

शेठ रहाटाकडे गेलेच नाहीत. ते सरळ शेडामागे लिंबाखाली गेले. गयाबाई उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरला. शेठ हळू आवाजात, मायेनं बोलले.

"बाई, या विहिरीचा गुण आता उतरलाय. झऱ्याला ओहोटी लागली. जेवढं व्हायचं तेवढं झालं. पुढचं काम दवाखान्याचं. माझी गाडी आहे, चला."

गयाबाईनं एकही प्रश्न विचारला नाही. धडपी उचलली, मुलीला कडेवर घेतलं. मग आबांकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमी मघा त्येच सांगत हुता व्हय? पान्यात आता काई न्हाई म्हनून? आमी येडे, हसलो."

आबांनी मथीला गाडीत चढवलं. मी कासरा हातात घेतला. मला तेव्हा बोलता आलं असतं. दवाखान्यापर्यंतच्या वाटेतही बोलता आलं असतं. गाडीत आम्ही तिघंच होतो. पण ती दवाखान्यात निघाली होती. खरं सांगितलं आणि ती गाडीतून उतरली तर, या भीतीनं मी बैल हाकत राहिलो. भीती खरी होती. ती सोयीचीही होती.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी मथीच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि आईला विचारलं, "इतने दिन कहाँ थे?" गयाबाईला उर्दू येत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, डॉक्टरसाहेब विचारतायत कधीपासून दुखतंय. त्यांना उर्दूत मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. विहिरीचा उल्लेख त्यात नव्हता, एवढं आठवतं.

डावा डोळा वाचला. उजवा गेला.

मथीला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी गयाबाई झरीला परतण्याआधी आवारात आली. हातात नारळ होता. मी सुट्टी संपून निघायच्या तयारीत होतो. तिनं मथीला माझ्यापुढे उभं केलं. मथीनं डावा डोळा माझ्यावर लावला आणि मान थोडी वाकडी केली, एका डोळ्यानं पाहणारं माणूस करतं तशी. ती सवय इतक्यात लागली होती.

"ह्या डोळ्याला हिरीचं पानी पोचलं," गयाबाई डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "त्या डोळ्याला पोचायच्या आत गुन उतरला. आमचं नशीब. पर शेटनी येळेवर सांगितलं, गाडी दिली. तेंचं भलं होवो."

तिनं विहिरीला नारळ फोडला, खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला, आबांना दिला, शेठना द्यायला ऑफिसाच्या दारापर्यंत गेली. शेठनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी खाल्ला नाही, टाकलाही नाही. कोटाच्या खिशात घालून हैदराबादला गेलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत परत आलो तेव्हा कळलं, की गयाबाईनं झरीत सांगितलं आणि झरीहून गाड्या येतात. उतरलेला गुण पुन्हा चढेल या आशेनं येतात. शेठनी उतरला म्हटलं होतं, नव्हताच असं म्हटलं नव्हतं. मोरी मी माझ्या हातानं दगड-चुन्यात बांधून काढली आणि तिचं तोंड आवाराबाहेर काढलं. पाणी आता झोंबत नाही. केमिस्ट म्हणून एवढंच काम माझ्याकडून झालं. आबांनी वरकस मास्तरचा कोट खुंटीला लावून ठेवला आहे, तो ते घालत नाहीत. नीळ त्यानंतर एकदा नासली. त्यांनी कोणतीच बातमी सोडली नाही. मला म्हणाले, तुझ्या गोवऱ्या ठेव.

धंदा बरा चालला आहे. आणखी कोणी दोन घरं जोडून कंपनी काढणार असेल, तर एक सांगावंसं वाटतं. करार करताना आमच्या वकिलानं ठसे, कढया, रांजण, विहीर सगळं कोणाचं किती ते विचारलं. कोणाच्या बोलण्यावर लोक हसतात आणि कोणाच्या बोलण्यावर गाड्या जुंपतात, हे विचारलं नाही. ते आधी विचारून घ्यावं.

विहिरीला कंपनीनं यंदा दगडी कट्टा बांधला आहे. नारळ फोडायला सोय व्हावी म्हणून.